‘असं केलं तर?’ या प्रश्नाचं पुढे काय करायचं: नाशिकच्या हौशी संशोधकांसाठी

सातपूर-अंबडमध्ये शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर, निफाडकडच्या कांदा साठवायच्या चाळीत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "असं केलं तर?" स्पीडब्रेकरखाली जनरेटर बसवला तर? गोदावरीत टर्बाइन सोडलं तर? कांदा सडायला लागला की चाळीनेच फोन केला तर?

नाशिकला अशा प्रश्नांचा तोटा नाही. इथे द्राक्षबाग आणि लेथ मशीन एकाच घरात नांदतात. थोरला भाऊ शेती बघतो, धाकटा कंपनीच्या टूलरूममध्ये असतो. डोकं आहे, हात आहेत, भंगारापासून व्हीएमसीपर्यंत (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) सगळं तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही बहुतेक कल्पना चहाबरोबर संपतात, कारण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगण्यासाठी हे लिहितोय. पदवीची गरज नाही. दहावीचं गणित-विज्ञान, एक वही आणि मोजायची तयारी एवढं पुरतं.

पहिली पायरी: कल्पनेचा प्रश्न करा

वहीत तारीख घाला आणि कल्पना एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात कोणाची अडचण, कुठे आणि किती, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. "कांद्यासाठी स्मार्ट सेन्सर" एवढ्याने काहीच कळत नाही. हेच वाक्य असं लिहून बघा: "पंचवीस टनांच्या चाळीत एका कप्प्यात सड सुरू झाली, तर बाहेर वास येण्याच्या किती दिवस आधी ती कळू शकते, आणि कळल्यावर शेतकरी काय करणार?"

वाक्याचा शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नवखी माणसं नेमका तोच गाळतात. समजा सेन्सर बरोबर बोलला. पुढे? चाळ उघडायची, कांदा निवडायचा, मजूर शोधायचे, ट्रॅक्टर भरून लासलगाव नाहीतर पिंपळगाव गाठायचं. आठवडाभर मजूरच मिळणार नसतील तर मोबाईलवर वाजलेल्या घंटीचा उपयोग काय? चार शेतकऱ्यांशी बोललात तर प्रश्न आपोआप वळण घेईल. कोणी म्हणेल, "सडतोय ते मला कळतंच हो, आधी कुठला कप्पा फोडू ते सांगा." आता तुमच्या हाती खरा प्रश्न आला. चाळीला एक सेन्सर लावण्याऐवजी प्रत्येक कप्प्याला एक लावायचा आणि त्यांची आपसात तुलना करायची. सोल्डरिंग गनला हात लावायच्या आधीच यंत्राचा आराखडा बदलला.

याच टप्प्यावर अडचण नीट वेगळी करून घ्या. चाळीतल्या कांद्याचे शत्रू तीन आहेत: वजनात घट, कोंब आणि सड. तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी कांद्याचा कोंब रोखला जातो. पण सड ही बुरशी आणि जिवाणूंची करामत आहे, कोंब रोखण्यापुरत्या कमी मात्रेला ते दाद देत नाहीत. "कांदा टिकवायचं यंत्र" असं मोघम लिहून कामाला लागलेला माणूस या तिन्हींच्या मागे एकदम धावतो आणि एकही हाती लागत नाही.

दुसरी पायरी: ऊर्जेचा हिशेब

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. हौशी कल्पनांमधल्या निम्म्याहून अधिक कल्पना ऊर्जेच्या असतात आणि त्यांचा निकाल पाच मिनिटांत कागदावर लागू शकतो.

चार आकडे पाठ करा. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. एक किलो वजन एक मीटर उचलायला सुमारे 9.8 ज्यूल लागतात. दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट पडतात. नाशिकच्या उन्हाळ्यात दिवसभराचं ऊन मोजलं तर चौरस मीटरला 5 युनिट धरायला हरकत नाही.

आता स्पीडब्रेकर घ्या. 1,000 किलोची गाडी 10 सेंटिमीटर खाली दबली, तर मिळणारी ऊर्जा 1,000 × 9.8 × 0.1, म्हणजे 980 ज्यूल. 36 लाखांना 980 ने भागा. एक युनिट विजेसाठी सुमारे 3,700 गाड्या लागल्या, आणि यंत्रात एक कणही वाया गेला नाही असं धरून. शिवाय दबलेल्या जागेतून वर चढायला गाडीने तेवढं पेट्रोल जास्त जाळलं, म्हणजे वीज आली ती वाहनचालकाच्या खिशातून. द्वारका चौकात हजारो गाड्या जातात हे खरं, पण त्या स्पीडब्रेकरची स्प्रिंग, बेअरिंग, पावसाळ्यातला चिखल आणि दुरुस्ती धरली की रस्त्याकडेला एक सोलर पॅनल लावणं कितीतरी सोपं पडतं.

गाडीच्या टपावरच्या पंख्याचंही असंच आहे. पंखा हवा अडवतो, ती रेटायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि पंख्यातून मिळणारी वीज त्या जादा जोरापेक्षा नेहमी कमीच भरते. पण कल्पना इथेच टाकून देऊ नका. वेग जेव्हा नाहीतरी कमीच करायचा असतो, म्हणजे ब्रेक लावताना किंवा कसारा घाट उतरताना, तेव्हा ती ऊर्जा पकडणं शंभर टक्के शहाणपणाचं आहे. इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर ब्रेक दाबल्यावर जनरेटर होते, ती याच कारणाने. फुकटची ऊर्जा शोधण्यापेक्षा वाया जाणारी ऊर्जा कुठे आहे ते शोधलं की अशा कल्पना वाटेवर येतात.

इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्यावर टर्बाइन, ही आणखी एक लोकप्रिय कल्पना. 1,000 लिटर पाणी 10 मीटर खाली आलं की 98,000 ज्यूल, म्हणजे 27 वॅट-तास. 9 वॅटचा एक बल्ब तीन तास. ते पाणी वर चढवायला पंपाने याहून जास्त वीज आधीच खाल्लेली असते.

गोदावरीचं गणित थोडं वेगळं आणि शिकण्यासारखं आहे. वाहत्या पाण्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पाणी सेकंदाला 1 मीटर वाहत असेल तर एक चौरस मीटर तोंडातून 500 वॅट जातात. वेग निम्मा झाला की शक्ती आठपटीने कमी, फक्त 62 वॅट. यातलेही सगळे कधीच मिळत नाहीत. मोकळ्या प्रवाहात टर्बाइनला फार तर 59 टक्के घेता येतात, ही निसर्गाचीच मर्यादा. प्रत्यक्षात 30-35 टक्के मिळाले तरी चांगलं. वेग मोजायला यंत्र नको. काठावर 10 मीटरच्या दोन खुणा करा, पाण्यात नारळ सोडा, फोनवर वेळ घ्या. पृष्ठभागावरचं पाणी थोडं जास्त वेगात असतं, म्हणून आलेल्या वेगाला 0.85 ने गुणा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असताना मोजा. पाणी चढलेलं असेल तेव्हा मात्र काठापासून लांब, पुलावर उभं राहून मोजा. दोन आकड्यांतली तफावत बघितली की टर्बाइन वर्षातले किती दिवस रिकामं बसेल ते कोणी सांगायची गरज उरत नाही.

हिशेब नेहमी कल्पना मारतोच असं नाही. बेदाण्यासाठी सोलर ड्रायर बघा. 100 किलो द्राक्षांपासून साधारण 25 किलो बेदाणा होतो, म्हणजे 75 किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 24 लाख ज्यूल, म्हणजे युनिटच्या दोन तृतीयांश उष्णता. एकूण 50 युनिट. पाच दिवसांत वाळवायचं तर रोज 10. ड्रायरने उन्हाचा तिसरा हिस्सा जरी उपयोगात आणला तरी रोज 30 युनिट ऊन हवं, म्हणजे 6 चौरस मीटर काच. हे गच्चीवर मावतं, खर्चात बसतं, करून बघण्यासारखं आहे. एका कागदावर यंत्राचा आकारच ठरला.

चुंबकावर अखंड फिरणाऱ्या मोटरबद्दल स्पष्टच लिहितो, कारण त्यात हुशार मुलांची वर्षं जातात. चुंबक जवळ येताना जेवढं ओढतो, लांब जाताना तेवढंच मागे खेचतो. पूर्ण फेरीची बेरीज शून्य, त्यातून घर्षण वजा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 सालीच ठरवलं की असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत. भारताच्या पेटंट कायद्यातही, सर्वमान्य निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या गोष्टीला कलम 3(ए) खाली पेटंट मिळत नाही. व्हिडिओत फिरताना दिसलं तर टेबलाखाली बॅटरी कुठे आहे ते शोधा आणि आपला वेळ दुसऱ्या कामाला लावा.

ऊर्जेचा हिशेब छोट्या यंत्रांनाही लागू आहे, आणि तिथे तो हमखास विसरला जातो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या एमक्यू जातीच्या गॅस सेन्सरच्या आत एक हीटर असतो. तो 5 व्होल्टवर सुमारे 150 मिलिअँपिअर खातो, म्हणजे पाऊण वॅट. दिवसाला 18 वॅट-तास. 10,000 मिलिअँपिअर-तासाच्या पॉवर बँकेत 37 वॅट-तास असतात, त्यातले तीसेक हाती येतात. दीड दिवसात खेळ खलास. आणि कांदा तर चार-पाच महिने चाळीत राहायचा! सहा कप्प्यांना सहा सेन्सर लावायचे तर श्रावणाच्या ढगाळ हवेत चालेल असं सोलर पॅनल किती मोठं घ्यायचं, की सेन्सर दिवसातून मोजकाच वेळ तापवायचा, की गॅस सोडून तापमानच मोजायचं, हे निर्णय या एका गुणाकारातून निघतात.

अचाट कल्पनांचं काय?

त्यांनाही वही उघडी ठेवा. पृथ्वीपासून 35,786 किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहापर्यंत दोर टाकून लिफ्ट न्यायची, ही कल्पना ऐकायला वेडी वाटते, पण तिला विचारायचा पहिला प्रश्न आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला आहे: लोखंडी सळई उभी टांगली तर किती लांब झाल्यावर स्वतःच्याच वजनाने तुटेल? ताकद भागिले घनता, भागिले गुरुत्वाकर्षण. 500 ग्रेडच्या सळईला उत्तर येतं साडेसहा किलोमीटरच्या आसपास. सळई जाड घेऊन काही फरक पडत नाही, कारण जाडीबरोबर वजनही वाढतं. म्हणजे इथे प्रश्न दोर किती जाड असावा याचा नसून कशाचा असावा याचा आहे. जगातले शास्त्रज्ञ कार्बन नॅनोट्यूबकडे का बघतात ते अकरावीच्या मुलालाही यावरून कळेल. हे यंत्र नाशिकमध्ये कोणी बांधणार नाही. पण वर लिहिलेला भागाकार ज्याने स्वतः केला, त्याला उद्या क्रेनचा वायर रोप निवडताना कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

तिसरी पायरी: आधी कोणी केलंय का

केलेलं असतंच, बहुतेक वेळा. त्याने खचू नका. गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पासनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. नुसतं "कांदा सेन्सर" शोधून थांबू नका; बटाटा, धान्याचं कोठार, सफरचंदाचं शीतगृह असंही शोधा, कारण तीच अडचण दुसऱ्या पिकात कोणीतरी सोडवलेली असते. पेटंट वाचताना चित्रं आणि शेवटचे दावे (नेमका कशावर हक्क सांगितलाय तो भाग) आधी वाचा, मधला मजकूर नंतर.

एक उपयोगाची गोष्ट: पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशापुरतं असतं आणि अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतं. जुनं, मुदत संपलेलं किंवा भारतात कधी घेतलंच नाही असं पेटंट म्हणजे तपशीलवार ड्रॉइंगसकट मिळालेलं फुकटचं पाठ्यपुस्तक. त्यावरून बनवायला इथे कोणाची आडकाठी नाही.

चौथी पायरी: पुठ्ठा, मग पाइप, मग लोखंड

पहिलं मॉडेल पुठ्ठ्याचं करा. लिंकेज, झडप, फिरणारा हात, काहीही असो, पुठ्ठा आणि टाचणी यांच्यावर ते कुठे अडतं हे एका संध्याकाळी दिसतं. दुसरं पीव्हीसी पाइप, प्लायवूड, जुन्या सायकलचे पार्ट यांचं. वायपरची मोटर, चेन, बेअरिंग, गिअरबॉक्स यांसाठी भंगारवाल्याइतका चांगला मित्र नाही. लोखंड सगळ्यात शेवटी.

मॉडेल चाललं म्हणजे मोठं यंत्रही चालेल असं मात्र धरू नका. सगळी मापं दहापट केली की वजन हजारपट होतं आणि आधार देणाऱ्या दांड्याचा छेद फक्त शंभरपट. प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दहापट ताण येतो. गॅलिलिओने 1638 मध्ये हे छापून ठेवलंय, तरी अजून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनात फूटभर उंचीचा सुंदर चालणारा पाळणा पाहून कोणीतरी तो तसाच्या तसा मोठा करायला निघतो.

लोखंडाकडे वळताना वजनाचं सूत्र तोंडपाठ हवं. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, 162 ने भागा. आलं एका मीटरचं वजन किलोत. 12 मिलिमीटरची सळई: 144 भागिले 162, म्हणजे 0.89 किलो. पत्र्याचं त्याहून सोपं: 1 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा 7.85 किलो. 8 बाय 4 फुटाची 3 मिलिमीटरची शीट 70 किलोच्या घरात जाते. ‘हलकं, शेतात उचलून नेण्यासारखं’ असं जे यंत्र तुम्ही कल्पिलंय ते कागदावरच किती किलोचं झालं ते बघून घ्या.

मोटर निवडताना नुसता एचपी बघू नका, टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढा. किलोवॅटला 9,550 ने गुणा आणि आरपीएमने भागा. एक एचपी, 1,440 आरपीएमची मोटर शाफ्टवर जेमतेम 5 न्यूटन-मीटर देते. एक ते दहाचा गिअरबॉक्स लावला की वेग 144 वर येतो आणि टॉर्क पन्नासच्या जवळ जातो. यंत्र अडकतंय म्हणून मोठी मोटर आणणाऱ्यांना बहुतेक वेळा रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारा गिअरबॉक्स, हवं असतं.

आता जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या शॉपमधून पार्ट करून घेणं. माझा बराच काळ अंबडच्या मशीन शॉपमध्ये गेलाय, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. शॉपवाले काका खडूस नसतात, पण हातवाऱ्यांवरून जॉब कोणी करू शकत नाही. तीन बाजूंचं ड्रॉइंग न्या, हाताने काढलेलं चालेल. मापं मिलिमीटरमध्ये. मटेरियल लिहा: एमएस (साधं पोलाद), एसएस 304 (स्टेनलेस स्टील), ॲल्युमिनियम, काय ते. किती नग तेही लिहा. आणि बेअरिंग बसणार असेल त्या मापावर ठळक खूण करा. सगळ्याच मापांना 0.02 मिलिमीटरचा टॉलरन्स (चालेल एवढी चूक) लिहून आणलात तर भाव तिप्पट येईल आणि त्यातली नव्वद टक्के अचूकता तुमच्या काही कामाची नसेल. जिथे नुसता बोल्ट जायचाय तिथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही, तसं स्पष्ट लिहा. लेझर कटिंगला डीएक्सएफ (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगची) फाइल द्या आणि कटिंगमधले उरलेले तुकडे आहेत का ते विचारा, मटेरियलचा खर्च बराच वाचतो. महिनाअखेरीला जाऊ नका, डिस्पॅचची धावपळ असते. "काका, हे असं करायचंय, तुम्ही कसं केलं असतं?" असा प्रश्न टाकून थांबा. दहा मिनिटांत तो माणूस तुमचे दोन वेल्ड वाचवील आणि एक पार्ट काढूनच टाकील.

थ्रीडी प्रिंट, मटेरियल टेस्टिंग अशा मोठ्या सोयींसाठी अंबडमध्ये नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. आधी फोन करून कोणतं काम घेतात ते विचारून जा. उद्योजकांशी ओळख हवी असेल तर ‘निमा’ आणि ‘आयमा’ या संघटनांचे कार्यक्रम बघत राहा.

पाचवी पायरी: मोजा, आणि तुलनेनेच मोजा

"चाललं" हा निकाल नव्हे. कशापेक्षा किती चाललं ते लिहा. कांद्याचंच घ्या. दोन क्रेट शेजारी शेजारी ठेवा. एकात निवडलेला सुका कांदा, दुसऱ्यात त्याच कांद्यात चार-पाच मार लागलेले. दोन्हींत एकसारखे सेन्सर. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा, तापमान, आर्द्रता लिहा आणि स्वतः वास घेऊन तोही लिहा; नाक हे अजूनही उत्तम यंत्र आहे. पाऊस आला की दोन्ही सेन्सरचे आकडे चढतील, कारण हे सेन्सर ओलाव्यालाही प्रतिसाद देतात. एकच क्रेट ठेवला असता तर तुम्ही त्यालाच सड समजला असता. दोन्हींतला फरक हाच तुमचा खरा इशारा. आठवड्याने सेन्सरची अदलाबदल करा. फरक क्रेटबरोबर राहिला तर तो कांद्याचा, सेन्सरबरोबर गेला तर तो सेन्सरचा. एवढी एक अदलाबदल केलेली वही घेऊन गेलात तर कृषी विद्यापीठातला शास्त्रज्ञही खुर्ची ओढून बसायला सांगेल.

प्रत्यक्ष जागेवर चाचणी घेणं किती मोलाचं असतं याचं उदाहरण नाशिकमध्येच आहे. 2015 च्या सिंहस्थाआधी इथे ‘कुंभथॉन’ नावाचे, कुंभाच्या अडचणींवर यंत्रं-उपाय घडवायचे मेळावे भरले; मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. त्यातून पुढे आलेल्या कामांपैकी एक होतं ‘अशिओतो’: पायाखालच्या चटईवर पडणाऱ्या दाबावरून माणसं मोजायची. ते काम शाळकरी वयाच्या नाशिककर मुलाने उचललं आणि खऱ्या कुंभाच्या गर्दीत चालवून पाहिलं. गर्दीत प्रत्येकाकडे स्मार्टफोन असेलच असं नाही, पण पाय प्रत्येकाला असतात. कल्पनेची ताकद त्या निरीक्षणात होती.

जीव सांभाळून

230 व्होल्टवर काम असेल तर आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावलेल्या पॉइंटवरच करा आणि घरात दुसरं माणूस असताना करा. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले लिथियम सेल उघडू नका. तेलाचा, थिनरचा किंवा केमिकलचा रिकामा ड्रम कधीही कापू किंवा वेल्ड करू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो आणि माणसं दगावतात. हवेचा दाब धरणारी टाकी घरी बनवायची नाही, विकत घ्यायची. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, उपरणं, सैल बाह्या नकोत. यावर चर्चा नाही.

सहावी पायरी: जाणकाराला विचारायचं कसं

"माझी एक जबरदस्त आयडिया आहे, पण आत्ता सांगू शकत नाही" असं म्हणून मदत मागितली तर कोणी मदत करू शकत नाही. पूर्ण यंत्र सांगायची गरज नसते; अडलेला भाग सांगा. "सर, 40 किलोचा भार 2 मीटर उचलायचाय, मिनिटाला पाच वेळा, एका बाजूने ओलं असतं, नायलॉनची पुली चालेल का?" अशा प्रश्नाला कॉलेजमधले प्राध्यापक, सातपूर आयटीआयचे निदेशक, निवृत्त फोरमन, कोणीही आनंदाने उत्तर देतं. सोबत तुमचा हिशेब आणि फोटो असू द्या. उत्तर पटलं नाही तर कारण विचारा. "तुम्हाला कळलंच नाही" म्हणू नका. आणि त्यांनी सांगितलेलं करून पाहिल्यावर काय झालं ते परत जाऊन सांगा. पुढच्या वेळी त्यांचा फोन आधी येतो.

सातवी पायरी: पेटंट घ्यायचं की नाही

घाई करू नका, पण प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हिडिओ टाकण्याआधी थांबून विचार करा. एकदा जगजाहीर झालेली गोष्ट नवीन राहत नाही आणि बहुतेक वेळा पेटंटचा हक्क तिथेच जातो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. त्यानंतर 12 महिन्यांत संपूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिची फी वेगळी आणि 2024 च्या नियमांनुसार मुदत 31 महिने. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. दाव्यांची भाषा किचकट असते. सरकारी फीपेक्षा एजंटाची फी बरीच जास्त पडते, ते गृहीत धरा.

काय बसत नाही तेही बघून घ्या. माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या, आपापलं काम करत राहिल्या, तर ते कलम 3(एफ) खाली नाकारलं जातं. छत्रीला टॉर्च लावल्यासारखं. शेतीची पद्धत 3(एच) खाली जाते, म्हणून छाटणीची नवी रीत पेटंटयोग्य नाही, पण छाटणीची नवी कात्री असू शकते. वस्तूचं फक्त रूप नवीन असेल तर डिझाइन नोंदणी आहे, ती 10 वर्षं मिळते आणि आणखी 5 वाढवता येते.

शिक्षण कमी, खिसा हलका, पण स्वतः बनवून चालवलेलं यंत्र हातात आहे, अशा माणसासाठी गुजरातमधलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन 2000 सालापासून काम करतं. औपचारिक शिक्षण नसलेल्या संशोधकांना ते पडताळणी आणि पेटंटसाठी मदत करतात. कल्पना मराठीत लिहून पाठवली तरी चालते.

वेळेचं गणित

शेवटी हंगाम बघा, कारण शेतीच्या यंत्राला वर्षातून एकच संधी मिळते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपास शेवटचा निघतो. येत्या हंगामाची चाळ पकडायची तर दिवाळीनंतर लगेच शेतकऱ्यांशी बोलणं, डिसेंबरात हिशेब आणि शोध, जानेवारी-फेब्रुवारीत क्रेटमधली चाचणी, मार्चमध्ये सेन्सरचा डबा पाणी न शिरेल असा बंद करणं, अशी मांडणी करावी लागते. मे महिन्यात कल्पना सुचली असेल तर घाईने चाळीत सेन्सर खोचू नका. शेजारच्या चाळीत नुसती वही घेऊन पावसाळाभर तापमान, ओलावा आणि वास लिहीत राहा. बेदाण्याच्या ड्रायरला फेब्रुवारी ते एप्रिल हीच खिडकी आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी काही करायचं असेल तर रामकुंड आणि तपोवनाच्या वाटांवर मोजमाप आत्तापासून, साध्या सोमवारी आणि पर्वणीसारख्या गर्दीच्या एखाद्या एकादशीला, अशा दोन्ही दिवशी घ्यायला लागा.